पदराच्या गाठीतली भाकरी

शेजारणीने तव्यावर तांदळाची भाकरी टाकली की तिचा गोडसर वाफेचा वास आमच्या कळंबोलीच्या खोलीत शिरतो आणि मला आईचा पदर आठवतो. आईला डायबिटीस निघाला तेव्हा मोबाइलवरचे व्हिडिओ बघून तिचं जेवण मीच ठरवलं होतं, भात-भाकरी पूर्ण बंद आणि तेल-तूप हवं तेवढं. जन्मभर मोरा बंदरावर मासळी विकलेल्या बाईपुढे मी तेलाने निथळणारी सुरमई ठेवायचे, नुसती. एके दिवशी मोऱ्याहून मावशी आली होती. जेवताना आईचा हात सारखा पदराच्या गाठीकडे जात होता. मी मावशीसमोरच ती गाठ सोडली. आत चतकोर भाकरी निघाली, मावशीने गुपचूप दिलेली. "एक घास खाऊ दे गो," आई म्हणाली, "नुसता म्हावरा घशाखाली जात नाय." "मग राहा उपाशी," मी म्हणाले आणि भाकरी कचऱ्याच्या डब्यात टाकली. महिन्याभराने ती चक्कर येऊन पडली. दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाई चिडल्याच. "वेळेला एक भाकरी, भाजी, कालवणातला मासा, तेल बेताचं, एवढं सोपं आहे. यांची भाकरी बंद कोणी केली?" आईने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "मीच," ती म्हणाली, "मना नको व्हती." मी मान डोलावली. वर म्हणाले, "ऐकतच नाही हो कुणाचं." आता आई नाही आणि डायबिटीस माझ्याकडे आलाय. मला वेळेला एक भाकरी सांगितली आहे. मी ती कोरही न ठेवता खाते.