पान एकावन्नवरचा ठिपका

"काका, जाळी सरळच छापलेली आहे. तुम्हाला ती वाकडी दिसतेय," डॉक्टर म्हणाल्या.

माझा उजवा डोळा तळहाताने झाकलेला होता. समोर कागदावर चौकोनांची जाळी होती, गणिताच्या वहीसारखी, आणि मधोमध एक काळा ठिपका. डाव्या डोळ्याने बघितलं तर मधल्या रेषा लाटांसारख्या वळल्या होत्या आणि ठिपका दिसतच नव्हता. आयुष्यभर छापील कागद हाताळलेला माणूस मी. माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते, "छपाई खराब आहे."

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. एज रिलेटेड मॅक्युलर डिजनरेशन. डोळ्याच्या आत मागे जो पडदा असतो, त्याच्या मधल्या जागेला मॅक्युला म्हणतात. अक्षर वाचायचं, चेहरा ओळखायचा, सुईत दोरा ओवायचा, ही सगळी कामं त्या एवढ्याशा जागेची. म्हातारपणी ती झिजते. याचे दोन प्रकार. ड्राय, म्हणजे कोरडा, तो सावकाश चालतो. वेट, म्हणजे ओला, त्यात पडद्याखाली नको त्या रक्तवाहिन्या फुटतात, पाझरतात आणि नजर थोड्या महिन्यांत जाऊ शकते. माझ्या डाव्या डोळ्यात ओला होता, उजव्यात कोरडा.

"घरात कुठे रेषा वाकड्या दिसल्या होत्या का? दाराची चौकट, फरशी, खिडकीचे गज?" त्यांनी विचारलं.

 खिडकीचे गज हे शब्द मी आधी ऐकले होते. नऊ-दहा वर्षांपूर्वी, माझ्याच घरात, माझ्या बायकोच्या तोंडून.

हे लिहितोय ते दोन कारणांसाठी. माझ्या वयाच्या कुणाला असं काही दिसायला लागलं तर त्याने वेळेवर उठून डॉक्टरकडे जावं. आणि दुसरं, मी माझ्या बायकोबद्दल बऱ्याच लोकांना एक गोष्ट सांगत आलो. ती खोटी होती. ती मला मागे घ्यायची आहे.

पनवेलला टपाल नाक्याजवळ एका गाळ्यात माझं वाचनालय होतं. कथा-कादंबऱ्या, दिवाळी अंक, मुलांची पुस्तकं. दोन हजार सालानंतर वाचक कमी व्हायला लागले तेव्हा मी नाइलाजाने एका फळीवर सिनेमांच्या सीडी ठेवल्या, मग डीव्हीडी. एकेक सिनेमा आधी तीन-तीन तबकड्यांत यायचा, पुढे एकातच मावायला लागला. लोक पुस्तकांच्या कपाटाकडे पाठ करून त्या फळीशी उभे राहायचे. मला ते अपमानासारखं वाटायचं, पण गाळा त्यावरच चालत होता.

माझी बायको शालिनी ही माझी सगळ्यात जुनी वाचक. आठवड्याला दोन पुस्तकं ठरलेली. वाचनालयाचे जुने वाचक एक चोरटी खूण करतात, हे तुम्हाला माहीत असेल. वाचलेलं पुस्तक चुकून पुन्हा घरी येऊ नये म्हणून ठरावीक पानावर पेन्सिलीने काहीतरी करून ठेवायचं. कुणी फुली करतं, कुणी आकड्याला गोल. शालिनीची खूण म्हणजे एकावन्नाव्या पानावर आकड्याच्या बरोबर खाली एक बारीक ठिपका. मला पुस्तकावर रेघोटी खपायची नाही. दारातच पाटी लावली होती. बायकोचे ठिपके मी रबराने खोडायचो आणि ती पुन्हा करायची. "तुमची पाटी सभासदांसाठी. मी कुठे सभासद आहे?" असं म्हणून हसायची.

मग एक दिवस एका सभासदबाई पुस्तक घेऊन आल्या आणि पान उघडून दाखवलं. मजकुराच्या मधोमध, एका शब्दावर, पेन्सिलीचा चांगला दाबून केलेला ठिपका. पान बावन्न. शालिनी तेव्हा डबा घेऊन आली होती. चार माणसांसमोर मी म्हणालो, "बघा, वाचनालयवाल्याच्या घरातच पुस्तकांचा कचरा करणारे आहेत."

ती पान डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिली. म्हणाली, "मला वाटलं, आकड्याखालीच केला."

"वाटलं म्हणे," मी म्हणालो. लोक हसले.

त्यानंतर तिने पुस्तक नेलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "कंटाळा येतो आता." एकदा स्वयंपाकघरातून हाक मारून तिने विचारलं होतं, "अहो, हे खिडकीचे गज वाकलेत का?" मी पेपरमधून डोकं वर न काढता म्हणालो, "चष्म्याचा नंबर बदल." तिने बदलला. पुन्हा काही बोलली नाही.

तिने डीव्हीडी मागायला सुरुवात केली. नवा सिनेमा कधीच नाही. आमच्या लग्नाच्या सुमारास पाहिलेले जुनेच. टीव्हीच्या अगदी जवळ पाट टाकून बसायची, तोंड दुसरीकडे करून, तिरकी. एकच प्रसंग रिमोटने मागे नेऊन तीन-तीनदा लावायची. मला वाटायचं, हिला नाद लागला. माझ्याशी बोलतानाही ती माझ्या खांद्यापलीकडे बघायची. मला वाटायचं, त्या दिवसाचा राग अजून गेला नाही. मीही तिच्याकडे बघणं सोडलं.

ती हृदयाच्या झटक्याने गेली. दोन वर्षांनी मी वाचनालय बंद केलं. निरोपाच्या छोट्या समारंभात मी भाषण केलं आणि त्यात टाळीचं वाक्य टाकलं: "या चकत्यांनी माझे सभासद नेले त्याचं दुःख नाही. माझ्या घरातली वाचकसुद्धा पळवली, त्याचं आहे." एका स्थानिक साप्ताहिकाने ते चौकटीत छापलं. कात्रण मी लॅमिनेट करून भिंतीवर लावलं. त्यानंतर कुणीही विषय काढो, मी ते वाक्य म्हणायचो. मुलगी मुग्धा नागपूरला असते. तिलाही मी हेच सांगितलं होतं, की तुझी आई शेवटी टीव्हीच्या नादी लागली.

आता उपचाराचं सांगतो.

पहिली तपासणी ओसीटी. यंत्रासमोर हनुवटी टेकवून हिरव्या दिव्याकडे बघायचं. पडद्याचे थर कापलेल्या केकसारखे चित्रात दिसतात आणि पाणी साचलं असेल तर फुगवटा दिसतो. दुखत नाही. दुसरी अँजिओग्राफी, पण हृदयाची नव्हे, डोळ्याची. हाताच्या शिरेतून पिवळं औषध देतात आणि डोळ्याचे फोटो काढतात. दिवसभर लघवी पिवळी होते, घाबरू नका.

मग इंजेक्शन. डोळ्यात इंजेक्शन हे शब्द ऐकून मी घरी परत आलो होतो आणि दहा दिवस गेलोच नाही. असं करू नका. ते दहा दिवस मला महाग पडले. थेंब घालून डोळा बधिर करतात. सुई दिसत नाही. क्षणभर दाब जाणवतो, एवढंच. महिन्याला एक अशी तीन घ्यायची, मग पुन्हा तपासणी. इंजेक्शननंतर डोळा दुखायला लागला, लाल झाला किंवा नजर आणखी धूसर झाली तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही.

मी खांदा कॉलनीत एकटाच राहतो. इंजेक्शनच्या दिवशी बरोबर माणूस आणा असं सांगतात. मी पहिल्यांदा खोटं बोललो, "मुलगी खाली थांबलीय." पट्टी बांधलेल्या डोळ्याने वाशीच्या हॉस्पिटलमधून बसने आलो. घरी कुलपाच्या भोकात किल्ली घालायला बराच वेळ लागला. जिन्यात तीन जण येऊन गेले. कुणाला मदत करायला सांगायची मला लाज वाटली.

वेटिंग हॉलमध्ये उरणकडच्या हिराबाई भेटायच्या. मासे विकायच्या, मधुमेहाने पडदा खराब झालेला. बरोबर त्यांचा म्हातारा, पिशवी सांभाळत बसलेला.

"बाबा, तुमच्यासंगती कोन नाय?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मंग आमी हाव ना. माझा म्हातारा दोघांना नेल. त्याला तेवढाच काम हाय."

म्हातारा म्हणाला, "हिची हमाली काय कमी हाय?"

"गप रे. बाबा, याला पयले सांगतलं, मना डोळ्यानं बरोबर दिसत नाय, तर बोलतो कसा, नाटका करतेस. मंग सुरमई कापताना बोट कापून घेतला, तवा याचा तोंड उतरला. तवाशी माझी पाठ सोडत नाय."

म्हाताऱ्याने मान खाली घातली आणि हसला. हिराबाईही हसल्या. मला हसता आलं नाही. त्यांच्या घरी निदान बोट कापलं होतं. माझ्या घरी पेन्सिलीचा ठिपका चुकला होता आणि तो चार माणसांच्या हातात फिरला होता.

त्या दिवशी घरी आल्यावर माळ्यावरची खोकी काढली. वाचनालयातली काही पुस्तकं मी ठेवून घेतली होती. उजव्या डोळ्यासमोर भिंग धरून एकेक पुस्तक बघायला चार दिवस लागले. जुन्या पुस्तकांत एकावन्नाव्या पानावर फक्त रबराची खरखर होती. तिथले ठिपके मी खोडले होते. पण नंतरच्या पुस्तकांत ते शिल्लक होते, कारण मला ते सापडलेच नव्हते. एकात आकड्याच्या उजवीकडे. एकात समासात. एकात ओळींच्या मधे. एकात पान त्रेपन्नवर, आणि तिथे बोटाने चाचपल्यासारखे तीन ठिपके, एकाखाली एक. तिला दिसत नव्हतं. तरी ती वाचत होती. माझ्या त्या वाक्यापर्यंत वाचत होती.

तिसऱ्या इंजेक्शनच्या वेळी मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. विचारलं, "तिलाही हेच होतं का?"

"न तपासता मी कसं सांगणार, काका? वर्णन जुळतंय."

"तेव्हा आणलं असतं तर?"

 "ही इंजेक्शनं तेव्हा नुकती यायला लागली होती. थोडं वाचलं असतं. कदाचित. निदान त्यांना काय होतंय ते त्यांना कळलं असतं."

खोटा धीर दिला नाही याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

माझ्या डाव्या डोळ्यातलं पाणी ओसरलं, पण गेलेली नजर आली नाही. उजव्याच्या मधोमधही आता पुसट डाग आहे. पेपर वाचता येत नाही. हॉस्पिटलच्याच लो व्हिजन विभागात, म्हणजे उरलेली नजर वापरायला शिकवतात तिथे, मला पाठवलं. तिथल्या मुलीने विचारलं, "घरात टॅबलेट आहे?"

मी गोळ्यांची पिशवी काढली. ती हसली. "तो नाही आजोबा, स्क्रीनवाला."

होता. मुग्धाने वर्षापूर्वी पाठवलेला, मी खोक्यातून काढलाही नव्हता. माझ्या वाचनालयाच्या पोटावर पाय देणाऱ्या वस्तूंपैकी ती एक. आता त्याच्यावर दोन बोटांनी अक्षर मोठं करतो. काळ्यावर पांढरं करतो. एका पडद्यावर सात-आठ शब्द मावतात, पण ते माझे मला वाचता येतात. दमलो की यंत्र वाचून दाखवतं. आवाज कोरडा आहे, 'श्री' आणि आकडे विचित्र म्हणतं, पण सोबत होते. अक्षर मोठं केलं की पानांचे आकडे बदलतात. आजचं पान एकावन्न उद्या एकशे तीस होतं. शालिनीने तिथे ठिपका कुठे केला असता, असं मनात येतं. तिला तो करायची गरजच पडली नसती. कुठलं पुस्तक वाचलं, कुठपर्यंत वाचलं, हे ते यंत्र स्वतःच लक्षात ठेवतं. ही सोय तिला मिळायला हवी होती आणि मी तिच्या हातात डीव्हीडीसुद्धा तोंड वाकडं करून देत होतो.

तिचे सिनेमे मी आता लावतो. पाहिलेले आहेत, म्हणून आवाजावर कळतात. कोण बोललं ते कळलं नाही की मागे नेऊन पुन्हा लावतो. दोन-दोनदा, तीन-तीनदा.

त्या मुलीने आणखी एक शिकवलं. "मधे दिसत नाही ना? मग सरळ बघूच नका. ज्याला बघायचंय त्याच्या जरा बाजूला बघा. कडेची नजर शाबूत आहे, तिच्यात चेहरा येईल." तिने स्वतःच्या कानाच्या पलीकडे बोट धरलं. "इथे बघा. दिसले मी?"

दिसली. चष्मा, टिकली, हसू, सगळं. मी तिथेच रडायला लागलो. तिला वाटलं, आनंदाने रडतोय.

घरी येऊन टॅबलेटवर मुग्धाला फोन लावला, चेहरा दिसतो तसा. ती स्क्रीनवर आली. मी तिच्या कानाच्या पलीकडे बघायला लागलो.

"बाबा, इकडे बघा ना! कुठे बघताय? कोण आलंय का घरात?"

"कुणी नाही. तुझ्याकडेच बघतोय. असंच बघावं लागतं आता."

 ती हळूच म्हणाली, "आई शेवटी असंच बघायची."

"हो," मी म्हणालो. "आणि मला वाटायचं, ती तोंड फिरवते."

मग मी तिला सगळं सांगितलं. ठिपका, चार माणसं, गज, भाषणातलं वाक्य.  तिने फोन बंद केला नाही. शेवटी म्हणाली, "त्या कात्रणाचं काय केलंत?"

"भिंतीवरून काढलं."

"टाकू नका. त्याच्याखाली हे लिहून ठेवा."

म्हणून हे लिहिलं. माझी बायको वाचन सोडून गेली नव्हती. तिला कुठल्या चकतीने पळवलं नव्हतं. अक्षरं तिला सोडून गेली, आणि तिने ते सांगितलं तेव्हा मी पेपर वाचत होतो.

तुमच्या घरातलं कुणी वाचायचं थांबलं, जवळ बसून टीव्ही बघायला लागलं, तुमच्याकडे न बघता बोलायला लागलं, तर रागावण्याआधी एक करा. त्यांचा एकेक डोळा आपल्या हाताने झाका आणि खिडकीचे गज कसे दिसतात ते विचारा. उत्तर ऐकून घ्या.

शालिनीचा फोटो टीव्हीच्या वर आहे. समोर उभा राहिलो तर तिथे नुसता धुरकट डाग दिसतो. म्हणून मी जरा बाजूला, घड्याळाकडे बघतो. मग ती दिसते.