अण्णा मळ्यात गेलेत

नाशिकरोड स्टेशनवर अण्णा मला सोडायला आले, तेव्हा त्यांच्या बोटांना झेंडूचा पिवळा रंग लागलेला होता. सकाळी फुलं बाजारात घालून ते तसेच आले होते. अठ्ठ्याण्णव साल. ग्रंथालयशास्त्र शिकायला मी मँचेस्टरला निघाले होते. आमच्या भावकीतून मळ्याबाहेर शिकायला गेलेल्या मुलीच दोन-चार, आणि समुद्रापलीकडे जाणारी मीच पहिली. आई घरीच थांबली. तिला स्टेशनवर रडायचं नव्हतं. धाकटा भाऊ दिलीप माझ्या बॅगेवर बसला होता. त्याची तेव्हा नुकतीच बारावी झाली होती.

मुंबईची गाडी उशिरा होती. अण्णा फारसे बोलणारे नव्हते. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "विमानात खिडकीपाशी बस. पण हात बाहेर काढू नको." दिलीप हसला, मीही हसले. मग गाडी दिसायला लागल्यावर ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझं बरं-वाईट कळवत जा. वाईट आधी कळव. आमचं काय, आमचं आम्ही बघू."

हे वाक्य मी अनेक वर्षं मायेचं म्हणून जपलं. त्यात एक अट होती, ती तेव्हा माझ्या लक्षात आली नाही. मी त्यांना सांगायचं होतं. ते मला सांगणार नव्हते.

तिकडे शिक्षण झालं आणि तिथल्याच एका ग्रंथालयात नोकरी लागली. तळघरात जुन्या पुस्तकांच्या नोंदी करायच्या. दिवसभरात माझ्या तोंडून वीस वाक्यंही निघत नसत. मला ते आवडत असे, निदान मला तसं वाटत असे. सुरुवातीला मी रविवारी कार्ड घासून फोनबूथमधून घरी फोन करायचे. आधी शेजारच्या किराणा दुकानात फोन लागायचा, मग कुणीतरी धावत जाऊन आईला बोलावून आणायचं, आणि तोवर माझी अर्धी मिनिटं संपायची. पुढे घरात फोन आला, नंतर दिलीपच्या खिशात मोबाइल आला. रविवार मात्र तोच राहिला.

माझी सहकारी कॅरन मला एकदा रोलर डर्बी बघायला घेऊन गेली. चार चाकांचे बूट घालून बायका लंबगोल रिंगणात धावतात. दोन संघ असतात. खांद्यानं, कमरेनं एकमेकींना रेटून वाट अडवायची, आणि प्रत्येक संघातल्या एकीनं त्या गर्दीतून पुढे निसटायचं. मी चौतिसाव्या वर्षी त्यात कशी पडले हे मलाही नीट सांगता येत नाही. एवढं आठवतं, की पहिले सहा आठवडे त्यांनी आम्हाला फक्त पडायला शिकवलं. गुडघ्यावर पडायचं, बोटं मुठीत घ्यायची म्हणजे त्यावरून कुणाची चाकं जात नाहीत, आणि लगेच उठायचं. आमच्या घरात पडू नकोस एवढंच शिकवलं होतं.

तिथे प्रत्येक खेळाडूला एक टोपणनाव असतं, ते शर्टाच्या पाठीवर लिहितात. ग्रंथालयातली म्हणून मी 'शांतता' हे नाव घेतलं आणि देवनागरीत लिहून घेतलं. ते कुणालाच वाचता यायचं नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात माझं डावं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर होतं. त्या सहाही रविवारी मी उजव्या हातात फोन धरून म्हटलं, "सगळं ठीक आहे." अण्णांनी सांगितलं होतं, वाईट आधी कळव. मला वाटलं, कशाला. इतक्या लांबून ते काय करणार? रात्ररात्र जागतील, एवढंच. मी चाकांवर धावते हेच त्यांना माहीत नव्हतं.

२००९ च्या सप्टेंबरात ग्रंथालयाच्या कामासाठी मला बर्लिनला पाठवलं. या खेळात एक चांगली रीत आहे. परगावी गेलात तर तिथल्या संघाला आधी पत्र लिहायचं, आणि ते तुम्हाला सरावाला बोलावतात. मी बॅगेत पुस्तकांखाली बूट आणि गुडघ्याच्या ढाली भरल्या. रविवारी सकाळी शहराबाहेरच्या एका जुन्या कारखान्याच्या शेडमध्ये पोचले. त्या दिवशी तीन संघ एकत्र आले होते. डेन्मार्कच्या संघातली इंगा नावाची एक बाई माझ्या जोडीला आली. केस पिकलेले, नोकरी बस चालवायची. माझ्या पाठीकडे बोट करून तिनं विचारलं, "काय लिहिलंय?"

"शांतता."

"आणि तरी तू लोकांना धक्के मारतेस?"

"गुपचूप मारते," मी म्हटलं. ती इतकी हसली, की तिचा तोल गेला. मीही खूप हसले. ते हसणं मला अजून ऐकू येतं, आणि का ते सांगते. अण्णांना जाऊन तो दहावा दिवस होता. मला ते माहीत नव्हतं.

तासाभरानं योहाना नावाची एक तरुण मुलगी वळणावर पडली आणि तिचा पाय घोट्यात भलतीकडे वळला. शिट्टी वाजली. जी जिथे होती तिथेच सगळ्यांनी एक गुडघा जमिनीला टेकला. हा तिथला नियम आहे. कुणाला लागलं की खेळ थांबतो, सगळ्या गुडघा टेकून गप्प राहतात, आणि जखमी मुलगी उठून उभी राहिली किंवा हात वर करून आपण ठीक आहोत असं तिनं दाखवलं, की टाळ्या वाजवतात. मँचेस्टरला मी हे केलं होतं, पण तिथे अर्ध्या मिनिटात कुणीतरी उठायचंच. ही मुलगी उठेना. ओरडत होती. मी उठून तिच्याकडे निघाले. आमच्याकडे माणूस पडलं तर दहा जण धावतात. एक पाणी आणतो, एक कांदा हुंगवतो, आणि बाकीचे सल्ले देतात. इंगानं माझा शर्ट मागून धरला आणि मला खाली ओढलं.

"इथंच राहा," ती म्हणाली. "तिच्याजवळ प्रशिक्षक आहेत. आपण इथं राहायचं, हीच मदत."

रुग्णवाहिका यायला वीस-पंचवीस मिनिटं लागली. चाळीसभर बायका गुडघ्यावर, कुणी बोलत नाही. सिमेंटच्या जमिनीचा गारवा ढालीतूनही लागत होता. आणि मला अण्णा दिसले. कंबरदुखीमुळे त्यांना वाकून फुलं तोडता यायची नाहीत. ते वाफ्यात असाच एक गुडघा टेकून बसत, हाताला येतील तेवढी फुलं तोडत, मग सरकून पुन्हा टेकत. अकरा वर्षांत मला त्यांची ही बैठक आठवली नव्हती. शेवटी योहानाला स्ट्रेचरवरून नेताना तिनं मूठ वर केली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

बाहेर येऊन मी घरी फोन लावला. तिकडे दुपारचे साडेचार वाजले असतील. दिलीपनं उचलला.

"अण्णांना दे."

"अण्णा मळ्यात गेलेत, ताई. लाईट आत्ताच आली. पाणी धरायला गेलेत."

मागच्या रविवारी ते झोपले होते. या रविवारी मळ्यात. त्या काळात नाशिकच्या शेतात वीज कधीही यायची आणि कधीही जायची, त्यामुळे मला शंका आली नाही. मागे बरीच माणसं बोलत होती.

"कोण आलंय?"

"मामा आलेत. आणि टीव्ही चालू हाय."

"आईला दे मग."

"आई त्यांच्याबरोबरच गेली." मग त्यानं विचारलं, "तू बरी आहेस ना?" मी म्हटलं, सगळं ठीक आहे.

गुरुवारी मी मँचेस्टरला परतले होते. संध्याकाळी दिलीपचा फोन आला. तो कधी स्वतःहून फोन करत नसे. "ताई, बसली आहेस का?" त्यानं विचारलं, आणि मी उभीच राहिले.

अण्णा दोन आठवड्यांपूर्वीच्या शुक्रवारी सकाळी गेले होते. दसऱ्याचा झेंडू लागायला सुरुवात झाली होती. गुडघा टेकून फुलं तोडत होते, तसेच कलंडले. बाजूच्या वाफ्यातल्या बायकांना वाटलं, टोपली घ्यायला वाकले. तेरावं झाल्यावरच मला सांगायचं, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं.

"मी आले असते रे," मी म्हटलं.

"तेच. अण्णा कायम म्हणायचे, माझं काही झालं तर शैलाला लगेच कळवू नका. विमानात एकटी रडत बसेल, शेजारी कुणी ओळखीचं नसेल."

मग तो दहाव्याचं सांगू लागला. गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, पिंड मांडला, पण कावळा शिवेना. मामांनी सांगितलं, आईला सांभाळू. दिलीपनं सांगितलं, विहिरीचं काम पुरं करीन. तासभर झाला. आत्या म्हणाली, पोरीचं नाव घे. ते कुणी घेतलं नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला आणि सगळे घरी आले. देशभरातून लोक दहाव्यासाठी आमच्या गावात येतात. मी त्याच गावची, आणि त्या वेळी बर्लिनमध्ये बुटाच्या नाड्या बांधत होते.

गुरुजींनी सांगितलं होतं, दहा दिवसांनंतर कळलं तर तीनच दिवस सुतक. मी तीन दिवस रजा घेतली. मँचेस्टरच्या घरात एकटी मी काय पाळणार होते? खिडकीशी बसून राहिले. राग कुणावर धरावा हे ठरेना.

डिसेंबरात घरी गेले. गंगापूर रोडकडच्या बाजूचा अर्धा मळा विकला गेला होता, प्लॉटच्या खुणांचे दगड पुरलेले होते. दिलीप आता एकलहऱ्याला वीजकेंद्रात कामाला जात होता. त्याच्या डोक्यावरचे केस बोटभर वाढले होते. मी आईजवळ भाकरी करायला बसले. ती माझ्या हातांकडे बघत राहिली.

"डावा हात वाकडा पडतोय तुझा. कधी मोडला?"

"दोन वर्षं झाली."

"आम्हाला बोलली नाय."

"तुम्ही काळजी केली असती."

तव्यावरची भाकरी तिनं उलटली. "तू बी आमचीच," ती म्हणाली. तिच्या आवाजात ना राग होता ना माया. बाजारातून आलेल्या टोपलीवरची खूण ओळखावी, तसं ती म्हणाली. मी घर सोडून अकरा वर्षं झाली होती, आणि ज्या एका गोष्टीनं मी अजून त्या घरातली ठरत होते, ती ही होती. आम्ही आपल्या माणसांना खोटं सांगतो, आणि ते चांगल्या मनानं सांगतो.

तुमच्यापैकी जे घर सोडून गेले आणि जे घरी राहिले, त्यांना हे लिहिते आहे. उपदेश करायचा माझा अधिकार नाही. मी दर रविवारी अजून आईला विचारते, "कशी आहेस?" ती म्हणते, "बरी हाय." मी तिच्या आवाजामागचे आवाज ऐकत राहते, घरात किती माणसं आहेत ते. घर म्हणजे आता माझ्यासाठी तेवढंच उरलं आहे, फोनच्या मागे ऐकू येणारी खोली.

निघायच्या आदल्या दिवशी मी दिलीपला म्हटलं, तो वाफा दाखव. उरलेल्या तुकड्यात शेवंती होती. त्यानं जागा दाखवली. मी तिथे एक गुडघा टेकला.

"काय करतेस, ताई?"

"थोडा वेळ बसते. बोलू नको."

तो गोंधळला. मग त्यानं चप्पल काढली आणि माझ्या शेजारी, कामावरच्या पॅन्टनिशी, मातीत गुडघा टेकला. पाट कोरडा होता, वीज आलेली नव्हती. किती वेळ गेला ते मी पाहिलं नाही. माझा पाय बधिर झाला तेव्हा त्यानं मला दंडाला धरून उठवलं. आम्ही हात झटकले आणि बांधावरून परत आलो. टाळ्या वाजवायच्या नव्हत्या.