जबाबातली सहल

ती केस आठवली की आधी आठवतो तो गाडीच्या गादीचा वास. उन्हात तापलेलं रेक्झीन, पेट्रोल, आणि त्यात कुठंतरी शेंगांची चटणी. नोकरीत मी खुनाचे, दरोड्याचे गुन्हे उघडकीस आणले. त्यांची प्रशस्तिपत्रं ट्रंकेत पडून आहेत. मुदतीआधी नोकरी सोडून घरी बसल्यापासून मात्र ही एकच किरकोळ चोरी पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढं येते. येते तीही स्वप्नासारखी. आवाज कमी, उजेड फार.

दुष्काळ सरला होता, चांगला पाऊस होऊन गेला होता आणि शाळांना दिवाळीची सुटी लागली होती. मी सोलापुरातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. एका संध्याकाळी चादरींचे एक कारखानदार फिर्याद घेऊन आले. मुंबईहून ठरल्यापेक्षा लवकर परतले, तर स्टेशनवर गाडी नाही. टांगा करून घरी गेले, तर गाडीची जागा मोकळी.

"ड्रायव्हरनं पळवली," ते म्हणाले. "हद्द ओलांडून कर्नाटकात विकली, की गेली माझी गाडी."

फिर्याद लिहून होते न होते तोच खबर आली. विजापूरकडून आलेल्या एका ट्रकवाल्यानं नाक्यावरच्या शिपायाला सांगितलं होतं, की भीमेच्या पुलाजवळ तशी काळी मोटार उभी आहे. आम्ही नाक्यावर बांबू आडवा टाकला आणि थांबलो. गाडी आली ती पळत नाही, रमतगमत. धुळीतून दोन पिवळे दिवे सावकाश मोठे होत गेले. शिट्टी वाजायच्या आत ड्रायव्हर खाली उतरून उभा राहिला.

मागच्या गादीवर त्याची बायको, आणि तिच्या अंगावर कलंडून झोपलेल्या दोन मुली. धाकटीच्या मुठीत कागदाची भिंगरी. मी त्यांना उतरवलं. धाकटीला खांद्यावर टाकून बायको गावाच्या दिशेनं चालू लागली. थोरली झोपेतच चालत होती आणि वळून वळून मागं पाहत होती. बापाकडं नाही, गाडीकडं.

हवालदारानं पंचनामा केला. दारं उघडली, डिकी पाहिली आणि 'वाहनात अन्य काहीएक मिळून आले नाही' असं लिहून पंचांच्या सह्या घेतल्या. हे वाक्य आमच्या हातात इतकं बसलेलं असतं की ते लिहिताना कुणी वाकून बघत नाही.

ठाण्यात मी त्याला समोर बसवलं.

"कुणाला विकणार होतास?"

"इकायची असती तर पोरी कशाला बरोबर घेतल्या असत्या साहेब? बाईसाहेबांनी सांगितलं म्हून नेली. पोरी रोज गाडी पुसायला यायच्या माझ्यासंगं. बाईसाहेब म्हनल्या, मालक यायचेत चार दिवसांनी, एकदा गोलघुमट दाखवून आण की त्यांना."

मालकीणबाईंचं नाव मध्ये आणलं म्हणून मी त्याच्या थोबाडीत मारली. हे मी आजवर कुठं बोललो नाही. जबाबात तर ते येतच नाही.

मग मी बंगल्यावर बाईंचा जबाब घ्यायला गेलो. घरातल्या बाईचा जबाब घरातल्या पुरुषासमोर घ्यायचा, अशी आमची तेव्हाची रीत होती. तिला आम्ही अदब समजत होतो. कारखानदार खुर्चीत बसले, बाई आतल्या दाराशी उभ्या राहिल्या. मी विचारलं, "ड्रायव्हरला गाडी न्यायला तुम्ही सांगितलंत?"

बाईंनी यजमानांकडं पाहिलं. "मला गाडीतलं काही कळत नाही," म्हणाल्या.

ते मी 'नाही' असं लिहून घेतलं.

ड्रायव्हरला पोलीस कोठडी मिळाली. गाडी ठाण्याच्या आवारात लिंबाखाली उभी राहिली. मी त्याचा सविस्तर जबाब घ्यायला बसलो तो त्यात फट सापडावी म्हणून. खोटं बोलणारा माणूस वाटेतल्या गोष्टी गाळतो आणि मुक्कामाला लवकर पोचतो. हा उलटा. वाट संपूच देत नव्हता.

"टाकळीच्या पुढं भीमा लागली साहेब. दुष्काळात धाकटीनं नदी म्हंजे नुसती वाळू बघितलेली. पानी बघून म्हनाली, बाबा, हे कुनी सांडलं? मग मी पुलाच्या कडंला गाडी लावली. थोरली म्हनली, कडंनं चाला, जोरात नको, ज्वारी पळतीया. खरंच की, लई दाट ज्वारी. वाऱ्यावर सगळी आमच्या बाजूनं पळत होती. अन् घुमटात धाकटीनं आईला हाक मारली, तर वरनं धा जनी आईला हाका मारायला लागल्या. भ्याली नाही हं साहेब. म्हनाली, ह्या माझ्या मैतरनी."

ठाण्यात बल्बभोवती पाकोळ्या फिरत होत्या. मी लिहायचं थांबून ऐकत होतो. घरी माझीही एक मुलगी होती, त्याच्या थोरलीएवढी. दरवर्षी सुटीत तिला कुठंतरी न्यायचं कबूल करायचो आणि दरवर्षी बंदोबस्त निघायचा. त्या रात्री झोपेत मी पुलावर उभा होतो, आणि पाणी कुणीतरी सांडलेलं होतं.

दोन दिवसांनी कोर्टाचा हुकूम आला, की गाडी सोमवारी मालकाच्या ताब्यात द्यावी. शनिवारी हवालदार किल्ली नाचवत आला.

"साहेब, उभी राहून बॅटरी बसली तर मालक बोंब मारंल. उद्या जरा पळवून आना की. वहिनी, ताई... हवा खाऊन या."

"डायरीत काय लिहायचं?"

"लिहायचं काय त्यात? हवा कोन डायरीत लिहितंय व्हय!"

मुद्देमालाची गाडी अशी फिरवणं आमच्यात नवं नव्हतं. जप्त सायकलीवरून शिपाई भाजी आणायचे. मी नाही म्हणालो नाही.

रविवारी सकाळी बायको आणि मुलगी आवारात आल्या. मुलीनं नवा फ्रॉक घातला होता. तिला कोठडी दिसू नये म्हणून मी गाडी पलीकडच्या बाजूला घेतली होती. पण इंजिन धरेना. दोनतीनदा नुसती खोकली. तेवढ्यात गजाआडून आवाज आला.

"चोक जास्ती वढू नका साहेब. प्यायल्यावानी करती ती सकाळची."

चोक कमी केला, आणि गाडी सुरू झाली. मुलगी टाळ्या पिटून हसली. मी त्याच्याकडं पाहिलं नाही.

तो दिवस आमच्या संसारातला सगळ्यात सुंदर दिवस होता, हे मला लिहिलंच पाहिजे. मी त्याच्या जबाबावरून सहल काढली. जिथं तो थांबला तिथं थांबलो. कडेनं हळू चाललो, आणि ज्वारी खरंच आमच्या बाजूनं पळाली. ऊन कोवळं होतं, आकाश धुतल्यासारखं. बायकोनं खिडकीबाहेर हात काढून वारा धरला. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, तिला गुणगुणता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

पुलापलीकडं एक चहाचं हॉटेल होतं. मालक कानडी मुलखातला.

"बर्री साहेब, बर्री, या बसा," म्हणत त्यानं बाकडं पुसलं आणि गाडीकडं पाहिलं. "हीच गाडी मागल्या हप्त्यात आली होती की हितं! बायकापोरं होती. डायवर लई गमती मानूस. पोरींस्नी म्हनतोय, गादीला हात पुसू नका गं, मालकाची हाय. अन् सगळं नीट ध्यानात ठेवा, माघारी जाऊन बाईसाहेबास्नी सांगायचं हाय, घुमट कसा हाय त्ये."

मी कप खाली ठेवला. गाडी विकायला निघालेला माणूस गादी जपत नाही. आणि परत गेल्यावर बाईसाहेबांना काय सांगायचं, याची तयारी करत नाही. तिथंच गाडी मागं वळवायला हवी होती. मुलगी म्हणाली, "बाबा, चला ना, घुमट." मी पुढं गेलो.

गोलघुमटात वरच्या सज्जात आम्ही उभे राहिलो. मुलीनं "आई" अशी हाक मारली. ती हाक भिंतीला लागून फिरली, परत आली, पुन्हा आली. शेवटी शेवटी तो आवाज माझ्या मुलीचा वाटेना. कुणा दुसऱ्याच मुलीचा वाटला, लहान आणि झोपाळलेल्या.

परतताना गाडीत चप्पल शोधायला मुलगी वाकली, तर पुढच्या सीटखाली सरकलेला एक स्टीलचा डबा तिला मिळाला. उघडला तर कडक भाकरीचे तुकडे आणि सुकलेली चटणी. वास गाडीभर झाला. तिनं तो भीमेवर धुतला आणि त्यात नदीतले गोटे भरले. मी लक्ष दिलं नाही. खरं सांगायचं तर दिलं, आणि काढून घेतलं.

सोमवारी गाडी मालकाच्या ताब्यात गेली. ड्रायव्हरची रवानगी न्यायालयीन कोठडीत, म्हणजे जेलात झाली. दुपारी जेवायला घरी आलो तर बायको तो डबा हातात घेऊन उभी.

"अहो, हा कुणाचा? याच्यावर नाव आहे."

बायकांच्या भांड्यांवर नाव घातलेलं असतं. कुणी दिलं, कुणाला दिलं, कशाबद्दल दिलं. त्यावर होतं कारखानदाराच्या बायकोचं नाव आणि 'भाऊबीज, भावाकडून'. बायको म्हणाली, "माहेरचं भांडं आहे हो. असं भांडं बाई मोलकरणीलासुद्धा घासायला देत नाही. हे तिनं स्वतः भरून दिलंय."

तपास तिथं संपला होता. पण डबा कुठं सापडला, कधी सापडला, हे लिहायचं तर गाडी त्या वेळी कुठं होती हेही लिहावं लागणार. ठाण्यातच सापडला असं दाखवावं, तर 'काहीएक मिळून आले नाही' या वाक्याखाली पंचांच्या सह्या होत्या, आणि गाडी तर गेलेली. माझी वर्दी एका पारड्यात आणि एका माणसाची सुटका दुसऱ्यात. मी मान खाली घालून जेवलो आणि ठाण्यात गेलो. दुसऱ्या दिवशीही तेच. आकाशकंदील लागले. आमच्या घरी मुलीनं किल्ला केला, आणि तिनं आणलेल्या भीमेच्या गोट्यांचे बुरूज झाले. त्या दोन पोरींची दिवाळी बापाशिवाय गेली. हे माझ्या भित्रेपणानं झालं, कायद्यानं नाही.

दिवाळी उलटल्यावर, कारखानदार कारखान्यात असण्याच्या वेळी, मी साध्या कपड्यांत बंगल्यावर गेलो आणि डबा बाईंच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी नावावरून बोट फिरवलं.

"धाकटीला चटणी तिखट लागली का हो?" एवढंच आधी विचारलं. मग डोळ्याला पदर लावला. "मी सांगते कोर्टात. हे घरात नसताना हुकूम दिला म्हणतील, म्हणू देत. पण डबा कुठं मिळाला म्हणून सांगू?"

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. पोलिसाचं तोंड वाचायला पोलीस असावं लागत नाही.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "डब्याचं काढतच नाही. गाडी मी दिली म्हणते, बास."

मी त्यांचा नवा जबाब कोर्टापुढं ठेवला, आणि त्यांनी तसं सांगितलं, न्यायाधीशांसमोर, ठाम आवाजात. ड्रायव्हर सुटला. बाई त्यानंतर बरेच महिने माहेरी होत्या. ड्रायव्हरला शहरात पुन्हा कुणी मोटारीवर ठेवलं नाही. आणि तपास अधिकाऱ्यानं आरोपीच्या बाजूचं सत्यही पुढं आणलं, म्हणून कोर्टानं माझ्याबद्दल दोन बरे शब्द काढले. ते मी मान झुकवून घेतले.

कोर्टात त्याला विचारलं होतं, काही सांगायचं आहे का. रविवारी सकाळी गाडी गेली आणि दिवेलागणीला परत आली, हे त्यानं कोठडीतून ऐकलं होतं. तो म्हणाला, "काय न्हाय."

बऱ्याच वर्षांनी टेंभुर्णीच्या चौकात नाकाबंदीला होतो. एक ट्रक थांबला, ड्रायव्हर खाली उतरला. केस पिकले होते. त्यानंच मला ओळखलं.

"रामराम साहेब. त्या दिवशी वाटंत बंद पडली न्हाय ना ती?"

माझ्या हातातली शिट्टी तशीच राहिली. मी त्याला बाजूला घेतलं, चहा सांगितला. जे इतकी वर्षं विचारायचं होतं ते विचारलं. "कोर्टात बोलला का नाहीस?"

त्यानं बशीत चहा ओतला, फुंकर घातली.

"बोलनार होतो की. लई राग होता. थापड बी ध्यानात होती. पन गाडी चालू झाली तवा तुमची पोर हसली. मी ऐकलं. बोललो असतो तर तिची सहल चोरीची झाली असती साहेब. माझ्या पोरींची झाली तशी. थोरली अजून कुनाला सांगत न्हाय, की तिनं घुमट बघितलाय."

चहा संपवून तो ट्रकवर चढला. मी बांबू वर केला.

पोलिसाला काय शिकायला मिळालं, असं लोक विचारतात. पंचनामा वाकून करावा, बाईचा जबाब एकटीचा घ्यावा, हे मी पुढं शिपायांना शिकवलं. तेवढं सोपं होतं. माझी मुलगी अजून त्या सहलीची गोष्ट सांगते. काळी गाडी, पळणारी ज्वारी, घुमटातली हाक. ती गोष्ट तिला मी दिली असं तिला वाटतं. हे ती वाचेल. वाचल्यावर तिनं त्या थोरलीला शोधावं आणि दोघींनी मिळून एकदा तो रस्ता सांगावा, मोठ्यानं, कुणालाही. चोरी त्या वाटेवर एकच झाली होती, आणि ती त्या थोरलीच्या बापानं केली नव्हती.