धवलारीण काकीची तार

धवलारीण काकी हसताना तोंडावर पदर धरायची. पुढचे दोन दात ओठांबाहेर यायचे, त्याची तिला फार लाज. पण गायला बसली की पदर घसरला तरी तिला भान नसे. आमच्या आगरी लग्नात धवलारीण हळदीपासून धवले गाते, एकेका देवाला नाव घेऊन मांडवात बोलावते. आमच्या वडपे गावाच्या आसपासच्या कितीतरी लग्नांत हे बोलावणं काकीच्याच तोंडून गेलं. कुणी आवाजाचं कौतुक केलं की म्हणायची, "आवाज कसला गो? नाव पुरं घेवाला लागतं. अर्धं नाव घेतलं त देव मांडवात येत न्हाय."

शेतांवर गोडाऊनं उभी राहिली, त्यांची भाडी यायला लागली तशी हळदीच्या मांडवात मोठे व्हिडिओचे पडदे आले. अशाच एका हळदीत काकीला गाताना स्वतःचं तोंड भिंतीएवढं दिसलं, आणि मागची पोरं फिदीफिदी हसली. तिने गाणं पुरं केलं आणि पुढच्याच आठवड्यात मला सोबत घेऊन भिवंडीत दातांच्या डॉक्टरकडे जाऊन बसली.

डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट सांगितलं. आधी हिरड्या साफ करायच्या, कदाचित दोन दात काढावे लागतील, तार दीड-दोन वर्षं राहील, दर महिन्याला यायचं, कडक काही चावायचं नाही, आणि तार निघाल्यावरही दात सरकू नयेत म्हणून प्लेट घालायची. काकीने एवढंच विचारलं, "सुकं बोंबील चालतील ना?" आपण गातो, हे मात्र तिने सांगितलं नाही. गाण्याचा दातांशी काही संबंध असेल असं तिच्या मनातही आलं नव्हतं.

तार बसली आणि पहिल्याच लग्नात ओठ तारेत अडकला, नावं तोंडातल्या तोंडात विरायला लागली. काकी गणपतीच्या नावापाशीच थांबली आणि उठून आत गेली. पुढे बोलणं सुधारलं, पण धवल्यातली नावं तिच्या मनासारखी येईनात. लग्नाची बोलावणी ती परत पाठवू लागली. लोक म्हणाले, या वयात ही थेरं कशाला? मला त्या लोकांचा अजून राग येतो. पन्नाशीतल्या बाईला एकदा मोकळं हसावंसं वाटलं, त्यात थेर कसलं?

माझं लग्न ठरलं तेव्हा मी तिला म्हटलं, "काकी, जशी येतील तशी नावं घे." तिने माझ्या गालावरून हात फिरवला. "तुज्या मांडवात अर्धी नावं? न्हाय गो बाय. तार काढून टाकू." अर्ध्यात काढली तर दात पुन्हा पुढे येतील, असं डॉक्टरीणबाईंनी फोनवर बजावलं. "येवू देत," काकी म्हणाली. सोमवारी जायचं ठरलं. त्याआधीच, एका सकाळी ओटीवर तांदूळ निवडताना तिच्या छातीत कळ आली आणि ती गेली.

न्यायच्या आधी बायकांनी तिच्या कानातलं काढलं, बांगड्या उतरवल्या. तिची धाकटी बहीण खारबावहून आली होती. तिने काकीचे ओठ बोटाने जरासे बाजूला केले आणि आमच्याकडे बघून ओरडली, "ही तार पन काढा ना कुनीतरी! देवाच्या दारात जाऊन त्याला नावानं हाक कशी मारंल ती?"

 तार कशी काढायची, हे आमच्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं. बाहेरून पुरुषांनी हाक दिली, उशीर होतोय म्हणून.