शंखाचं टोक

मोटारीने आम्हाला पैनगंगेच्या अलीकडच्या काठावर उतरवलं तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. मोटार पुढे जाणार नव्हती, कारण पलीकडे निजामाचा मुलूख. नागपूर सोडल्यापासून मी मांडीवर पत्र्याची एक पेटी धरून बसलो होतो. शेजारच्या गृहस्थांनी पांढरकवड्याला न राहवून विचारलं, की काचेचं सामान आहे का. मी म्हटलं, नाही, गोगलगाई आहेत. त्यानंतर मला बसायला चांगली ऐसपैस जागा मिळाली.

गोगलगाई म्हणजे त्यांची घरं. आतले मालक केव्हाच गेलेले. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो, आणि समुद्रापासून इतक्या लांब राहून मला समुद्रातल्या शिकारी गोगलगाईंचा नाद लागला आहे. पेटीतल्या अकरा नमुन्यांपैकी दहा केवळ सोबतीला होते. खरा प्रवास चालला होता तो अकराव्याचा, रामेश्वरच्या एका पाणबुड्याकडून मिळालेल्या शंखाचा. आपल्या देवघरात असतो तोच हा शंख, पण याचं टोक शाबूत होतं. शंखाचं टोक म्हणजे त्याचं बाळपण. अंड्यातून निघताना जेवढं घर अंगावर असतं तेवढं टोकाशी तसंच राहतं आणि पुढचे वळसे त्याला जोडत जातात. म्हाताऱ्या शंखांचं टोक बहुधा झिजलेलं असतं. माझ्या शंखाचं नुसतं शाबूतच नव्हतं, तर त्याला नेहमीपेक्षा अर्धा वळसा जास्त होता. म्हणजे ही वेगळी जात असणार, असं मी मनाशी धरून चाललो होतो. हैदराबादच्या एका जाणत्या विद्वानांनी भेटीचा दिवस दिला होता. त्यांनी मान डोलावली की नव्या जातीला माझं नाव लागणार होतं. खोटं कशाला बोलू, ते नाव मी वहीच्या मागच्या पानावर चार-पाचदा लिहूनही पाहिलं होतं.

डोंग्यातून नदी ओलांडली. पलीकडे करोडगिरीचा (निजामाच्या जकातीचा) नाका होता. तिथल्या वयस्क मुन्शींनी पेटी उघडायला लावली आणि चष्मा सारखा करून विचारलं, "जनाब, ये हड्डी है, पत्थर है, या पूजा का सामान?" त्यांच्या यादीत प्रत्येक मालाला एक सदर होतं आणि त्याबाहेर काही असू शकतं हे त्यांना मान्य नव्हतं. मी त्यांना सांगितलं, की हा मऊ अंगाचा, बिनहाडाचा प्राणी आहे, हे त्याचं घर आहे, त्याची कुळं आहेत, कुळांत जाती आहेत. माणूस मोठा सभ्य. सगळं ऐकून घेतलं, चहा मागवला, आणि माझं बोलणं संपल्यावर 'मुतफर्रिक' (किरकोळ) असा एक शब्द लिहून पेटी सोडून दिली. दहा वर्षांत मी बसवलेली सगळी व्यवस्था त्यांनी एका फटक्यात मोडीत काढली.

नाक्याबाहेर वामनराव छकडा घेऊन उभे होते. आम्ही दोघे एकाच वर्गात शिकलो. आता ते सावरगावच्या शाळेत मुदर्रिस (शिक्षक) आहेत. हैदराबादच्या वाटेवर तीन दिवस त्यांच्याकडे राहायचं ठरलं होतं. रस्ता काळ्या मातीतून जात होता. कापसाची शेवटची वेचणी चालू होती, ज्वारी कापून पडली होती, आणि बांधाबांधावर पळस असा फुललेला की पान शोधावं लागे. लांब उटनूरच्या बाजूला सागाचे डोंगर निळसर दिसत होते. वामनराव हात करून करून गावं दाखवत होते आणि तेवढ्यात नाला उतरताना चाक दगडावर चढलं. मी पेटी डोक्यावर धरून सरळ पाण्यात बसलो. वामनरावांनी आधी पेटी घेतली, मग मला उठवलं. दोस्ती असावी तर अशी.

वामनरावांच्या मंडळींनी, म्हणजे वहिनींनी, जेवायला ज्वारीची भाकर, भरीत आणि अंबाडीची पच्चडी (आंबट-तिखट चटणी) केली होती. पच्चडी त्यांनी शेजारच्या तेलुगू बाईंकडून शिकून घेतली होती आणि ती इतकी झणझणीत होती, की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. तरी तिसऱ्यांदा मागून घेतली. मी फार सुखात होतो.

संध्याकाळी ओसरीवर बसलो असताना वहिनी दिवा लावायला उठल्या, थबकल्या आणि मग उगीचच पदर सारखा करत आत गेल्या. वामनराव म्हणाले, की गेले पंधरा दिवस असंच चाललं आहे, सगळं गाव यावेळी कान देतं आणि मग त्याला आठवतं. गावाबाहेर महादेवाचं देऊळ आहे. तिथला लिंबाजी गुरव रोज तिन्हीसांजेला शंख वाजवायचा. तो ऐकून शेतातली माणसं घराकडे वळायची आणि बाया दिवा लावायच्या. शिवरात्र जवळ आली म्हणून लिंबाजीने हौसेने शंख पितळी तोंडी बसवायला सोनाराकडे दिला. सोनार दागिने घडवणारा. त्याने पितळेसारखाच शंखही तापवला आणि शंखाला आरपार तडा गेला. आता परवावर शिवरात्र. पाटलांनी आदिलाबादेहून बँडवाल्याचं बिगुल आणायचं ठरवलं होतं. बिगुल कोणीही वाजवू शकतो, आणि ते आल्यावर लिंबाजीला कोणी विचारणार नव्हतं. वामनरावांना त्याचं फार वाईट वाटत होतं. माझ्या पेटीबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या पडवीत माझं भाषण झालं. पोरांपेक्षा मोठी माणसंच जास्त आली. मी सांगितलं, की गोगलगाईचं कुळ रंगावरून किंवा आकारावरून ठरत नाही. तिच्या जिभेवरचे दात पाहावे लागतात, टोक पाहावं लागतं, आणि वळसे ज्याभोवती फिरतात तो आतला खांब पाहावा लागतो. शंखाच्या कुळातल्यांच्या खांबावर तीन-चार उठलेल्या आडव्या पट्ट्या असतात. शंख वाळूत अर्धा पुरून राहतो, सोंडेसारखं तोंड लांब काढतो आणि वाळूतल्या किड्यांना बिळातून ओढून खातो. त्याची अंडी एका पिळदार शिंगासारख्या कोशात असतात, आणि त्या कोशात जोरकस पिल्लं दुबळ्यांना खाऊन मोठी होतात. एवढं ऐकल्यावर पडवीत कुजबुज झाली. एका आजोबांनी वामनरावांना विचारलं, की हे पाहुणे देवाच्या शंखाबद्दलच बोलताहेत ना.

मागच्या खांबापाशी टेकून बसलेला एक साठीचा, हडकुळा माणूस शांतपणे म्हणाला, "त्याचं खाणं त्याच्यापाशी. आवाजाले त्याचं काई लागत नाई."

हाच लिंबाजी. भाषणानंतर तो पेटीपाशी आला. मी मोठ्या मनाने शंख त्याच्या हातात दिला, पण हात खाली धरून ठेवला, न जाणो पडला तर. त्याने तो पाहिला नाहीच. डोळे मिटून बोट आत घातलं आणि फिरवलं.

"मास्तर, याच्यात चार पट्ट्या हाईत. आमच्या जुन्याले बी चारच होत्या."

एवढं म्हणून त्याने शंख कापसात ठेवला आणि नमस्कार करून गेला. मागितलं काहीच नाही. मागितलं असतं तर मला नाही म्हणता आलं असतं, आणि ते फार सोपं गेलं असतं. शंख वाजवायचा तर टोक उडवावं लागतं, तिथूनच फुंकतात. माझ्या शंखाची सगळी किंमत नेमकी त्या टोकात होती. दुपारी मी पेटीतली दुसरी एक मोठी गोगलगाय घेऊन देवळात गेलो. ती वेगळ्या कुळातली, पण अंगाने भरदार, आणि टोक आधीच तुटलेलं. लिंबाजीने मान राखून फुंकली. आवाज निघाला, चांगला निघाला. मग बोट घालून पाहिलं आणि परत दिली. म्हणाला, की आवाज हाय, पण हिच्यात पट्ट्या नाईत, देवाले हिची ओळख नाई. मला राग आला. माझ्याच शास्त्राने तो मला नाही म्हणत होता.

बोलता बोलता दिवस मावळला. लिंबाजीने तडा गेलेला शंख उचलला, पाण्याने धुतला, ओठांपर्यंत नेला आणि तसाच खाली ठेवला. नंतर दिवा लावला. मी पाहतो आहे याचंही त्याला भान नव्हतं. मला लाज वाटली. एका वळशाच्या अर्ध्या तुकड्यासाठी आणि स्वतःच्या नावासाठी मी या माणसाला भलत्या कुळातला नमुना देऊ करत होतो. तिथल्या तिथे मी त्याला सांगितलं, की माझा शंख घ्या, टोक उडवा. आणि टोक म्हणजे काय, त्यात मी काय पाहत होतो, तेही सांगून टाकलं. सांगितलं नसतं तरी चाललं असतं, पण आपण केवढं देतो आहोत हे त्याला कळावं असं मला वाटत होतं.

इकडची रीत अशी, की ओल्या दगडावर टोक घासत बसायचं; भोक पडेपर्यंत टोकाचं पीठ होऊन जातं. पण लिंबाजी म्हणाला, "मंग घासायचं काऊन? कापू ना. टोक तुमी घ्या, आंग आमाले द्या."

दहा वर्षं शास्त्र शिकवणाऱ्याला हे सुचलं नव्हतं. शिवरात्रीच्या सकाळी आम्ही सोनाराकडे गेलो. बिचारा पंधरा दिवस मान खाली घालून वावरत होता. त्याने तापवण्याचं नावही काढलं नाही. आपली सर्वांत बारीक करवत काढली, शंख ओल्या फडक्यात धरला आणि तासभर श्वास रोखल्यासारखा कापत राहिला. टोक अखंड निघालं. त्याने ते धुऊन दोन्ही हातांनी मला दिलं.

मी उन्हात जाऊन भिंगातून पाहिलं, आणि माझं पाणी पाणी झालं. कापलेल्या बाजूने आतले वळसे स्वच्छ दिसत होते. ते नेहमीच्या शंखाइतकेच होते. वरचा जास्तीचा अर्धा वळसा शंखाचा नव्हताच. समुद्रात एका किड्याने त्याच्या टोकाला बिलगून चुन्याची नळी बांधली होती, आणि ती झिजून वळशासारखी दिसत होती. ज्यांच्या भाऊबंदांना हा शंख जन्मभर खात आला, त्यातल्या एकाने त्याच्याच डोक्यावर घर करून मला बनवलं होतं. नवी जात नाही, माझं नाव नाही, हैदराबादला जायचंही कारण नाही.

हे मी तिथे कोणालाच सांगितलं नाही. तिन्हीसांजेला लिंबाजीने देवळाच्या पायरीवर उभं राहून शंख फुंकला. पहिली फुंकर वाया गेली, दुसरी घोगरी आली, आणि तिसरीला तो आवाज असा उठला, की नाल्यापलीकडची गुरं थांबली. गावात एकामागून एक दिवे लागताना दिसले. वामनराव डोळे पुसत होते. माणसं मला येऊन नमस्कार करत होती, की मास्तरांनी केवढी मोठी वस्तू दिली. मी ते नमस्कार घेत होतो. खरं सांगितलं तर माझा त्याग चारचौघांत साधा शंख ठरला असता, म्हणून मी गप्प होतो.

दुसऱ्या दिवशी छकडा जोडला तेव्हा लिंबाजी निरोप द्यायला आला. कमरेत वाकून त्याने विचारलं, की मास्तर, टोक तुमच्या कामी आलं ना. नाईतर माह्यापाई तुमचं नुकसान व्हायचं. दोन दिवस हाच घोर त्याच्या जिवाला लागला होता, हे तेव्हा मला कळलं. मग मात्र मी सगळं सांगितलं. जात नवी नाही, नेहमीचाच शंख आहे, मी फसलो होतो, तुम्ही माझं काहीएक बिघडवलेलं नाही.

लिंबाजी ऐकत राहिला आणि त्याचा चेहरा हळूहळू मोकळा झाला.

"मंग लई बरं झालं, मास्तर. नवा निघाला असता तर वाजवाची हिंमत झाली नसती माही. हा तर जुन्याचाच भाऊ निघाला. घरच्या घरात राह्यला."

मी हैदराबादला तार केली आणि आल्या वाटेने परत फिरलो. पळस तसाच फुललेला होता, नदीचं पाणी थोडं उतरलं होतं, आणि मांडीवर पेटी हलकी लागत होती. डोंग्यात बसल्यावर लक्षात आलं, की नाव हुकल्याचं दुःख शोधूनही सापडत नाही. मी वर्षानुवर्षं कोण कोणापासून वेगळा हेच पाहत आलो. सावरगावच्या त्या माणसाने बोट घालून कोण कोणाचा भाऊ ते पाहिलं. पाहत होतो दोघे त्याच पट्ट्या.

नागपूरला येऊन कॉलेजची नोंदवही उघडली. कुळापुढे शंखाचं कुळ लिहिलं. जातीपुढे 'नेहमीची' असं लिहिताना हात अडला नाही. शेवटच्या रकान्यात नमुना कोणत्या कपाटात आहे ते लिहायचं असतं. तिथे लिहिलं: महादेवाचं देऊळ, सावरगाव; वाजतो आहे.