दुधाच्या कॅनमधला भुसा

कसबा बावड्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक सुतार होता. भुशाने कायम इतका पांढरा, की अंग झाडल्याशिवाय बायको त्याला उंबरा ओलांडू देत नसे. शेवटी त्याने जुना व्हॅक्युम क्लीनर मिळवला, पाइप लावून त्याला दुधाचा रिकामा कॅन जोडला आणि गल्ली गोळा करून बटण दाबलं. पाइपचा सांधा मी धरला होता. करवतीखालचा भुसा सुर्रकन कॅनमध्ये जाऊ लागला, तसा घट्ट बसलेला सांधा सोडून मीही टाळ्या पिटल्या. त्या भरात त्याने पाइप स्वतःच्या डोक्यावरून फिरवला. केस पांढरेच. पुन्हा फिरवला, तरी पांढरेच.

"आयला, ह्यो भुसा न्हाय," तो पोट धरून हसत म्हणाला, "मी म्हातारा झालोय की."

गर्दीतून त्याची बायको ओरडली, "म्हातारा चालतोय मला. चला आता घरात."