बोंबलांचा राखणदार

सुक्या बोंबलांचा वास आला की मला पंच्याऐंशी सालचा खारदांड्याचा किनारा आठवतो. शेजारच्या काकांचं दहावं होतं आणि पिंडाला कावळा शिवेना. काकांच्या थोरल्या भावाने हात जोडले, “तुझी होडी विकणार नाय रे!” पण शिवणार कसा? कावळा उतरला की काकांचा कुत्रा धावून जायचा. कोणीतरी दगड उचलला तशा काकू ओरडल्या, “मारू नका त्याला! वाळत घातलेल्या बोंबलांवर कावळा बसू द्यायचा नाय, हे त्यांनीच शिकवलंय त्याला.” मग कुत्र्याला कुशीत घेऊन हळूच म्हणाल्या, “आज खाऊ दे रे त्यांना.” तो कण्हत बसून राहिला आणि कावळा शिवला. आता माझ्या गच्चीवर बोंबील वाळतात, पण कावळा आला तरी मला हाकलवत नाही.